बंदूक चालवणारी सामुराईकन्या : नीजिमा याए

भगिनींनो, जपान देशातील सामुराई योद्ध्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. कमरेला दोन तलवारी, अंगावर चिलखत, डोक्यावर शिंगे असलेले शिरस्त्राण, असे त्यांचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. त्या चित्रात स्त्री कोठेच नसते. परंतु सामुराईच्या घरी लेकी-सुनाही होत्या, आणि त्यांनाही शस्त्र शिकवले जाई. अशाच एका घरात जन्मलेल्या, किल्ल्याच्या वेढ्यात बंदूक घेऊन लढलेल्या आणि पुढे जखमी सैनिकांच्या उशाशी बसून त्यांची शुश्रूषा केलेल्या एका बाईंचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावेसे वाटते. त्यांचे नाव नीजिमा याए. माहेरचे नाव यामामोतो याए. जपानमध्ये आडनाव आधी व नाव मागून घेण्याची रीत आहे.

याएचा जन्म 1845 साली जपानच्या ईशान्य भागातील आइझु संस्थानात, वाकामात्सु या गावी झाला. आज हा भाग फुकुशिमा प्रांतात येतो. वडिलांचे नाव गोन्पाची व आईचे साकु. थोरला भाऊ काकुमा तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा, आणि साबुरो हा धाकटा. संस्थानच्या सैन्यात बंदुका व तोफा चालवण्याचे शिक्षण देणे हे या घराण्याचे काम होते.

आइझुची शिस्त फार कडक. तेथील सामुराई मुलांना लहानपणापासून काही नियम पाठ करावे लागत. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही, खोटे बोलायचे नाही, दुबळ्याला छळायचे नाही, असे ते चांगलेच नियम होते. पण त्यांतच एक असाही होता, की घराबाहेर बाईमाणसाशी बोलायचे नाही. संस्थानची मोठी शाळा होती, तीही मुलांसाठीच. याएने मात्र मुलांना शिकवायचे नीतीचे पुस्तक सातव्या वर्षीच तोंडपाठ केले, आणि म्हातारपणीही तिला ते आठवत असे. अंगानेही ती चांगली दणकट होती. तेराव्या वर्षी साठ किलो तांदळाचे पोते ती खांद्यापर्यंत चार वेळा उचलत असे.

आता त्या काळच्या शस्त्रांविषयी थोडे सांगितले पाहिजे, म्हणजे पुढची हकीकत नीट समजेल. सामुराईची मुख्य तलवार म्हणजे काताना. ती किंचित वाकडी, एकाच बाजूला धार असलेली. जोडीला एक आखूड तलवार असे. स्त्रियांचे शस्त्र निराळे. त्याला नागिनाता म्हणतात. माणसाच्या उंचीएवढा किंवा त्याहून लांब दांडा आणि त्याच्या टोकाला वाकडे पाते. दांडा लांब असल्यामुळे तलवारवाल्याला जवळ येऊ न देता वार करता येतो, म्हणून घर राखणाऱ्या बाईला ते सोयीचे. शिवाय सामुराईच्या स्त्रिया एक लहानशी कट्यारही जवळ बाळगीत. ती शत्रूसाठी तशीच वेळ आली तर स्वतःसाठीही असे.

चिलखत लोखंडाच्या व कातड्याच्या लहान लहान पट्ट्यांचे असे. त्या पट्ट्यांना गंज लागू नये म्हणून लाखेसारखे रोगण देत आणि रेशमी दोऱ्यांनी त्या एकमेकींना विणून घेत. म्हणून ते अंगाबरोबर वाकत असे. बाण आणि तलवार यांच्यापुढे ते उत्तम टिके. पण 1543 साली पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर जपानात तोड्याची बंदूक आली आणि लढाईची रीत बदलली. 1575 साली नागाशिनो येथे ओदा नोबुनागा याने लाकडी कुंपणाआड बंदूकवाले उभे केले आणि ताकेदा घराण्याच्या नामांकित घोडेस्वारांची फळी मोडली. पुढे 1603 पासून तोकुगावा घराण्याचे राज्य आले. त्यांच्या अमदानीत अडीचशे वर्षे देशात बहुतेक शांतताच होती. लढाया नाहीत म्हणून बंदुकीत सुधारणाही फारशी झाली नाही. तलवारीचा मान मात्र वाढत गेला. बंदूक हे साध्या पायदळ शिपायाचे हत्यार समजले जाऊ लागले.

1853 साली अमेरिकेची लढाऊ जहाजे जपानच्या किनाऱ्याला लागली आणि सर्वांचे डोळे उघडले. काकुमा एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, पाश्चात्त्य तोफविद्या शिकून आला होता. तलवार-भाल्यांचे दिवस संपले, नव्या बंदुका घ्या, असे तो सांगू लागला, तेव्हा आइझुतील जुन्या मंडळींना ते मुळीच रुचले नाही. काही काळ त्याला घराबाहेर पडण्याची बंदीसुद्धा झाली. पण घरात त्याला एक शिष्या मिळाली. ती म्हणजे त्याची धाकटी बहीण. बंदूक कशी उघडावी, कशी साफ करावी, नेम कसा धरावा, दारू किती घालावी, हे सारे याए त्याच्यापाशी शिकली. मुलीच्या जातीला हे कशाला, असे त्याने म्हटले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. माझे स्वतःचे शिक्षण सातवीनंतर थांबले. मुलीने पुढे शिकून काय करायचे, हा प्रश्न आमच्याही घरी निघाला होता. त्यामुळे काकुमासारख्या भावाचे मोल माझ्यासारखीला लगेच कळते. पुढे बाहेरगावाहून आलेल्या कावासाकी शोनोसुके या विद्वान शिक्षकाशी याएचे लग्न झाले.

इकडे देशात मोठी उलथापालथ चालली होती. आइझुचे संस्थानिक मात्सुदाइरा कातामोरी यांना 1862 साली क्योतो शहराच्या रक्षणाचे काम मिळाले. काकुमाही क्योतोस गेला. तेथे त्याची दृष्टी अधू होत गेली. 1868 च्या जानेवारीत तोबा-फुशिमीच्या लढाईत तोकुगावांच्या बाजूचा पराभव झाला. सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले आणि तोकुगावांशी एकनिष्ठ राहिलेले आइझु राजद्रोही ठरले. साबुरो त्या लढाईच्या जखमांनी गेला. काकुमा शत्रूच्या हाती सापडला, पण त्यालाही मारले असेच घरी कळले. साबुरोचे कपडे तेवढे परत आले.

आइझुने आता वयाप्रमाणे पलटणी पाडल्या. पन्नाशीच्या पुढच्या लोकांची पलटण कासवाच्या नावाची, छत्तीस ते एकोणपन्नासची ड्रॅगनच्या नावाची, अठरा ते पस्तीसची पक्ष्याच्या नावाची, आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची पांढऱ्या वाघाच्या नावाची. चांगले सैन्य सरहद्दीवरच्या निरनिराळ्या घाटांत पाठवले गेले. शत्रूने नेमकी बोनारीची खिंड फोडली, जेथे बंदोबस्त थोडा होता, आणि दोनच दिवसांत, 8 ऑक्टोबर 1868 रोजी, भर पावसात तो वाकामात्सु गावात शिरला. किल्ल्यात तेव्हा बहुतेक म्हातारी माणसे, बायका व मुलेच होती.

धोक्याची घंटा झाली. घराघरांतून लोक किल्ल्याकडे धावले. त्या दिवशी गावात जे झाले ते लिहिताना हात थांबतो. किल्ल्यात जाऊन आपण खाणारी तोंडे वाढवू, किंवा शत्रूच्या हाती सापडू, या विचाराने कित्येक घरांतील बायकांनी स्वतःचा अंत करून घेतला. साइगो तानोमो या मोठ्या अधिकाऱ्याच्या एकट्या घरात लहान मुलांसुद्धा एकवीस जणी-जणांचा शेवट झाला. पांढऱ्या वाघाच्या पलटणीतील वीस पोरे थकून इइमोरी टेकडीवर पोचली. खाली गावातून उठणारा धूर त्यांनी पाहिला. सारे संपले असे समजून त्यांनी आपली शस्त्रे स्वतःवरच चालवली. एकच मुलगा वाचला. किल्ला त्या वेळी पडला नव्हता. पुढे जवळजवळ महिनाभर तो लढत होता.

नाकानो ताकेको ही अवघी एकवीस-बावीस वर्षांची तरुणी. नागिनाता चालवण्यात ती तरबेज होती. किल्ल्याचे दरवाजे बंद झाल्यामुळे ती व तिच्यासारख्या सुमारे वीस बायका बाहेरच राहिल्या. अधिकाऱ्यांनी त्यांना सैन्यात घेण्यास आढेवेढे घेतले, तरी त्या गेल्याच. 16 ऑक्टोबरला एका पुलापाशी शत्रूशी गाठ पडली. समोर बायका आहेत हे पाहून शत्रूने त्यांना जिवंत धरण्याचा विचार केला, तेवढ्या अवधीत ताकेकोने काही जणांना लोळवले. मग गोळी आली. आपले शिर शत्रूच्या हाती लागू नये, अशी तिची इच्छा होती. तिच्या बहिणीने ती पुरी केली. ताकेकोची आठवण आइझुमध्ये आजही मोठ्या आदराने काढली जाते.

याएने मात्र नागिनाता घेतली नाही. तिने साबुरोचे कपडे अंगावर चढवले, कमरेला दोन तलवारी लावल्या, खांद्याला स्पेन्सर बंदूक अडकवली, शंभर काडतुसे घेतली आणि आईबरोबर किल्ल्यात प्रवेश केला. तेव्हा तिला बाविसावे वर्ष पुरे झालेले होते. ही बंदूक अमेरिकन बनावटीची होती. जुन्या बंदुकीत प्रत्येक बाराला तोंडातून दारू व गोळी ठासावी लागे, आणि त्यासाठी बहुधा उभे राहावे लागे. स्पेन्सरच्या दस्त्यातच सात काडतुसे बसत. खालची कळ ओढली की पुढचे काडतूस आपोआप जागेवर येई. आडोशाला बसल्या बसल्या ती चालवता येई. पण त्या काडतुसांची भर किल्ल्यात पडणे शक्य नव्हते. शंभर संपली की संपली. म्हणून प्रत्येक बार मोजून टाकावा लागे. पुढे तिने जुन्या ठासणीच्या बंदुकीवरही काम भागवले.

पहिल्याच रात्री तिने आपले लांब केस कापून टाकले आणि पुरुषांबरोबर अंधारात छाप्यासाठी बाहेर पडली. दिवसा तटावरून नेम धरायचा व तोफखान्याकडे पाहायचे, असा तिचा क्रम सुरू झाला.

किल्ल्याच्या आग्नेयेस ओदायामा नावाची टेकडी आहे. शत्रूने ती घेतली आणि तेथून नव्या तोफांचा मारा सुरू केला. किल्ला बांधला तेव्हा एवढ्या लांबून गोळा येईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. एकदा न फुटलेला गोळा सापडला, तेव्हा याएने तो उघडून संस्थानिकांना आत काय असते ते समजावून सांगितले. घराबाहेर ज्यांच्याशी बोलायचे नाही असे मुलांना शिकवले जाई, त्यांतलीच एक बाई आता संस्थानिकांना तोफगोळा समजावीत होती.

आता भगिनींनो, किल्ल्यातील बाकीच्या बायकांनी काय केले ते ऐका. सुमारे पाच हजार माणसे आत होती. संस्थानिकांची बहीण तेरुहिमे हिच्या देखरेखीखाली सर्व बायका कामाला लागल्या. त्यांनी गोळ्या ओतल्या, काडतुसे वळली, जखमा बांधल्या आणि भात रांधला. भाताचे मुटके वळायचे, तेही कढत कढत. हाताची साले निघत, म्हणून पाण्यात हात बुडवून वळायचे. पाण्यात पडलेली शिते जखमींच्या पेजेला जायची. करपलेले व मातीत पडलेले बायकांनी खायचे.

याहून कठीण काम गोळे विझवण्याचे होते. त्या काळचा गोळा पडल्याबरोबर फुटतच असे असे नाही. त्याची वात क्षणभर जळत राही. तेवढ्यात ओली रजई घेऊन धावायचे आणि ती गोळ्यावर टाकून वात विझवायची. वेळेत जमले तर आजूबाजूचे सगळे वाचत. नाही जमले तर जी धावली ती जाई. ज्या गोधडीत आपण पोरे निजवतो, तीच ढाल झाली. मला तर चिलखतापेक्षा तिचे मोल अधिक वाटते. यामाकावा ओकुरा या सरदाराची पत्नी तोसे अशीच तोफगोळ्याने गेली. हा ओकुरा मोठा युक्तिबाज होता. बाहेरून किल्ल्यात शिरण्यासाठी त्याने खेड्यातील सिंहनाच करणाऱ्यांना पुढे घातले. ढोल-बासरी वाजवीत मिरवणूक चालली आहे, हे पाहून शत्रू बुचकळ्यात पडला, आणि त्याची सारी तुकडी गोळी न लागता आत पोचली. आपण घाबरलो नाही हे शत्रूला दिसावे म्हणून किल्ल्यात मुलांना पतंगही उडवायला लावले होते.

पण बाहेरून मदत येईना, धान्य व दारूगोळा सरत आला. वेढ्यातच एका लढाईत याएचे वडीलही पडले. अखेर 6 नोव्हेंबर 1868 रोजी किल्ला शत्रूच्या स्वाधीन झाला. त्या दिवशी पांढरे निशाण हवे होते, पण पांढरे कापड शिल्लक नव्हते. सगळे जखमांच्या पट्ट्यांत संपले होते. मग बायकांनी चिंध्या जोडून निशाण शिवले. शिवताना डोळ्यांतील पाण्याने सुई दिसेनाशी झाली असेल. शेवटच्या रात्री याएने केसातील काट्याने किल्ल्याच्या भिंतीवर चंद्राविषयीची एक छोटी कविता कोरली. तो चंद्र उद्या कोण पाहील, हाच तिचा विषय.

तिचे घर, वडील, धाकटा भाऊ, सगळे गेले. पहिल्या पतीशी युद्धात ताटातूट झाली आणि तो संसार पुन्हा उभा राहिला नाही. तेवढ्यात काकुमा जिवंत असल्याचे कळले. तो पुरता अंध झाला होता, पायही गेले होते, पण त्याच्या विद्येमुळे क्योतोच्या सरकारने त्याला सल्लागार नेमले होते. 1871 साली याएबाई आईला व काकुमाच्या मुलीला घेऊन क्योतोस गेल्या. तेथे मुलींना विणकाम, शिवण व लेखन-वाचन शिकवणारी सरकारी शाळा 1872 मध्ये निघाली. तीत त्यांना देखरेखीचे व शिकवण्याचे काम मिळाले. स्वतःही तिशीच्या आसपास त्या इंग्रजी शिकू लागल्या.

1875 साली अमेरिकेत शिकून परतलेले नीजिमा जो यांच्याशी त्यांची ओळख झाली. जो ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि त्यांना क्योतोत शाळा काढायची होती. क्योतो हे जुन्या देवळांचे शहर. तेथे विरोध फार झाला. विवाह ठरल्याचे कळताच याएबाईंची नोकरी गेली. त्या मागे हटल्या नाहीत. 2 जानेवारी 1876 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला व दुसऱ्या दिवशी लग्न झाले. जो यांच्या शाळेचे नाव दोशिशा. तिला जागा काकुमाने दिली. ही जागा सात्सुमा संस्थानच्या जुन्या वाड्याची होती. सात्सुमा म्हणजे आइझुवर तोफा डागणाऱ्यांपैकीच एक. मुलींच्या शाळेतही याएबाई व त्यांची आई यांनी काम केले. आज दोशिशा हे जपानमधील एक मोठे विद्यापीठ आहे.

बायकोने नवऱ्याच्या मागून चालावे अशी रीत असताना हे दांपत्य रिक्षात शेजारी शेजारी बसे. जो आधी पत्नीला हात देऊन वर चढवीत. एकमेकांना नावाने हाक मारीत. याएबाई किमोनोवर पाश्चात्त्य टोपी व बूट घालीत. लोक त्यांना वाईट बायको म्हणत. तोकुतोमी सोहो नावाच्या एका विद्यार्थ्याने त्यांना नुए असे नाव दिले. नुए म्हणजे माकडाचे तोंड, वाघाचे पाय आणि सापाची शेपटी असलेला गोष्टीतला प्राणी. जो यांना मात्र पत्नीचा फार अभिमान होता.

1890 साली जो वारले. मूल नव्हते. चव्वेचाळीस वर्षांच्या याएबाई त्याच वर्षी रेडक्रॉसच्या सभासद झाल्या. पुरुष सैनिकांची शुश्रूषा परक्या बायांनी करणे तेव्हा लोकांना विचित्र वाटत असे. 1894 च्या चीनबरोबरच्या युद्धात त्या हिरोशिमाच्या लष्करी इस्पितळात परिचारिकांच्या प्रमुख म्हणून गेल्या आणि चार महिने राहिल्या. 1905 साली रशियाबरोबरच्या युद्धातही, साठीच्या उंबरठ्यावर असताना, ओसाकाच्या इस्पितळात त्यांनी काम केले. गोळी माणसाच्या अंगात काय करते हे त्यांनी तटावरून पाहिले होते, आता ते खाटेपाशी बसून पाहिले. सरकारने दोन्ही वेळा त्यांना सन्मानपदक दिले. ज्या सरकारच्या सैन्यावर त्यांनी एकेकाळी बंदूक धरली होती, तेच हे सरकार.

उतारवयात त्या चहाच्या विधीची कला शिकल्या व इतरांना शिकवू लागल्या. 1928 साली आइझुच्या संस्थानिकांची नात सम्राटाच्या भावाला दिली. साठ वर्षे राजद्रोहाचा डाग वागवलेल्या आइझुच्या लोकांना त्या लग्नाचा केवढा आनंद झाला असेल! तो दिवस पाहायला याएबाई होत्या. 14 जून 1932 रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, क्योतो येथे त्या निवर्तल्या. पतीशेजारी त्यांची समाधी आहे. त्यावरील अक्षरे तोकुतोमी सोहो यांच्या हातची आहेत. ज्या विद्यार्थ्याने नुए म्हणून हिणवले होते, त्यानेच पुढे आपली चूक कबूल करून त्यांना आयुष्यभर मदत केली होती. 2013 साली जपानी दूरदर्शनवर त्यांच्या चरित्रावर वर्षभर मालिका चालली आणि घरोघरी त्यांचे नाव झाले.

आपण वीरांची चरित्रे वाचतो तेव्हा रणात पडलेल्यांपुढे मस्तक नमवतो, आणि ते योग्यच आहे. ताकेकोचे धैर्य कमी कोण म्हणेल? परंतु सारे गमावल्यावर जगायचे, पुन्हा विद्यार्थिनी व्हायचे, लोक हसले तरी शिकायचे, हेही धैर्यच होय. याएबाईंनी बंदूक शिकली, इंग्रजी शिकली, शुश्रूषा शिकली, चहा करणेसुद्धा नव्याने शिकले. बाईचे हे काम नव्हे, असे त्यांना जवळजवळ प्रत्येक वेळी ऐकावे लागले. आपल्या मंडळात पुष्कळजणी चाळिशी-पन्नाशीच्या आहोत. आता या वयात काय शिकायचे, असे आपल्यापैकी कोणी म्हणू लागली, तर तिला याएबाईंची ही हकीकत जरूर सांगावी.